ओड्नीची चेष्टा करायची नाही

थोरी हा कडक हिवाळ्याचा महिना लागला की आमच्या उत्तर किनाऱ्यावरच्या क्रोकविकमध्ये माणसं जपून वागायला लागतात. त्याचा उपयोग काही नसतो. जे हातून व्हायचं ते मागच्या वर्षभरात होऊन गेलेलं असतं. कुणी बोट धक्क्याला न बांधताच घरी जेवायला गेलेला असतो, कुणी शेजाऱ्याच्या मेंढ्या आपल्या समजून कातरलेल्या असतात, आणि गावपंगतीची कमिटी हे सगळं पोटात ठेवून थोरीची वाट बघत बसलेली असते. मग भर हिवाळ्यातल्या त्या शनिवारी अख्खा गाव सभागृहात जमतो. वर्षभर आंबवलेलं ताटात येतं आणि वर्षभर आंबवलेलं रंगमंचावरही येतं. ज्याची चेष्टा होईल त्यानं उभं राहून गाण्यातूनच उत्तर द्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे. आवाज चांगला पाहिजे अशी अट नाही, नाहीतर गावातले निम्मे लोक सुटले असते.

चेष्टेतून सूट दोघांनाच. ज्याच्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय त्याला, आणि पाहुण्यांना.

म्हणून कमिटीची प्रमुख स्टेइनुन हिनं यंदा सख्ख्या बहिणीला वगळलं, ही बातमी पोहण्याच्या तलावावर फुटली तेव्हा गरम पाण्याच्या टाक्यात बसलेली मंडळी सरळ होऊन बसली. तलाव स्टेइनुनच सांभाळते. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं तर तिच्यासमोरच बोलावं लागतं. डोक्यावर बर्फ पडत होता, खाली पाणी वाफाळत होतं, आणि निवृत्त बंदरप्रमुख ब्रान्दुर गळ्यापर्यंत बुडून तिच्याकडे बघत होता.

"तुझी बहीण पाहुणी आहे का गं?" त्यानं विचारलं.

ती सप्टेंबरात आलीय, अजून वर्ष कुठं झालंय, असं स्टेइनुन म्हणाली.

"तो पोलंडचा वेल्डर नोव्हेंबरात आला. त्याच्यावर दोन कडवी आहेत असं ऐकतो."

स्टेइनुननं वाकून पाण्यातलं क्लोरीन तपासायला घेतलं. ते तिनं नुकतंच तपासलं होतं, आणि टाक्यातल्या सगळ्यांनी ते पाहिलंही होतं. वेल्डर स्वतःहून लोकांत मिसळतो, ती म्हणाली. यावर ब्रान्दुरनं भुवया वर केल्या. कारण ही बहीण, ओड्नी हाल्ग्रिम्सदोत्तिर, लोकांत मिसळत नाही असं म्हणणं म्हणजे समुद्र किनाऱ्याला शिवत नाही म्हणण्यासारखं होतं.

मासे भरायच्या कारखान्यात सोळाव्या वर्षी लागलेली ती मुलगी यंत्रांच्या खडखडाटावर मात करत गायची, आणि आवाज चढवायची ती सवय तिला जन्माची लागली. आकुरेरी शहरातल्या पोरांचा एक बँड गावच्या नाचाला आला होता. त्यांचा गायक गाण्याच्या आधीच आडवा झाला म्हणून ही वर चढली, ती उतरलीच नाही. विशीत 'निळा कोट' आलं. त्या गाण्याच्या ध्रुपदात चार वेळा 'ये' म्हणायचं असतं आणि प्रत्येक 'ये' आधीच्यापेक्षा वर जातो. साऱ्या देशानं त्याला 'जिना' असं नाव दिलं. लग्नात, गाडीत, बोटीवर, ज्याला त्याला तो जिना चढायचा असतो आणि बहुतेक जण तिसऱ्या पायरीवरून पडतात. मग देशानं तिला युरोपातल्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेला पाठवलं. ती शेवटून दुसरी आली. परतली तेव्हा गाव बंदरावर जमला होता, आणि आमच्या खाली अजून एक देश होता हे ब्रान्दुर आजही अभिमानानं सांगतो. पुढे कोपनहेगन, दोन नवरे, पर्यटकांच्या जहाजांवरची गाणी, आणि तीन निरोपाच्या मैफली. प्रत्येक निरोपानंतर ती थोडी विश्रांती घ्यायची आणि पुढच्या निरोपाच्या तयारीला लागायची. पहिल्या नवऱ्याला, जो ढोल वाजवायचा, ढोल सोडून कशातच वेळ पाळता येत नव्हती. पण ते प्रकरण त्यांच्या घरात कधीच मिटलेलं आहे.

सप्टेंबरात ती आईकडे राहायला आली. आई शहाऐंशी वर्षांची, एकटी, म्हणून आली असं गावानं ठरवलं, आणि ते तिनं खोडून काढलं नाही.

खरं काय ते एकट्या स्टेइनुनला ठाऊक होतं. उन्हाळ्यात राजधानीच्या इस्पितळात ओड्नीच्या घशातून गाठ काढली, तेव्हा बाहेरच्या बाकावर तीच बसली होती. गाठ साधी निघाली. पण ती काढताना आवाजाचा वरचा अर्धा भाग गेला. बोलता येईल, गुणगुणता येईल, खालच्या सुरात थोडं गाताही येईल, पण वर काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उत्तरेकडे गाडीतून परत येताना ओड्नीनं तिच्याकडून वचन घेतलं की हे कुणाला कळता कामा नये. आईला तर नाहीच. बसका आवाज ऐकून लोक म्हणायचे, थंडीत गायकांचं असं होतंच.

आता चेष्टा झाली तर तिला उभं राहून गावं लागणार. ती उभी राहिली की लोक 'निळा कोट' मागणार. आणि मागितलं की अख्ख्या गावादेखत ती त्या जिन्यावरून पडणार. स्टेइनुनला हे चित्र इतकं स्पष्ट दिसत होतं की तिनं कमिटीला कारणच दिलं नाही. फक्त म्हणाली, ओड्नीची चेष्टा करायची नाही. आणि स्टेइनुन ज्या सुरात तलावावर 'अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही' म्हणते, त्याच सुरात ती हे म्हणाली, म्हणून कुणी वाद घातला नाही.

*

एविन्दुरला मात्र हे पटलं नाही. तिघांतला तो धाकटा, बावन्न वर्षांचा, दोन वर्षांचा असल्यापासून दोघी बहिणींच्या मध्ये बसत आलेला. मेंढ्या पाळतो आणि अकॉर्डियन वाजवतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचं फारसं ऐकलं जात नाही. शेजारच्या खाडीतल्या लोकांना त्यानं परस्पर सांगून टाकलं होतं की यंदा ओड्नी गाणार. आता तोंडघशी पडायची वेळ आली होती. म्हणून रविवारी आईकडे कॉफीला जमले तेव्हा त्यानं सरळ विषय काढायचं ठरवलं. सरळ म्हणजे कसं, तर तिसरा क्लेनुर तोंडात असताना.

"ओड्नी, तुझं नाव काढलंय म्हणे पंगतीतून."

स्टेइनुननं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला तो तळलेला पिळा गिळावा की परत ठेवावा कळेना. आईनं कॉफीची किटली खाली ठेवली. ओड्नी पॅनकेकवर साखर भुरभुरत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त साखर जरा जास्त पडली.

"बरं झालं की," ती म्हणाली. "मला छळणारं एक तरी कमी."

मग ती खूप हसून कशाकशाबद्दल बोलली, आईच्या खिडकीतल्या फटीबद्दल, कोपनहेगनमधल्या जुन्या शेजारणीबद्दल. एविन्दुरला वाटलं, चला, तिनं मनावर घेतलं नाही. तो स्टेइनुनकडे वळून म्हणाला की मग चेष्टा नको, नुसतं गाणं तरी ठेव, मी अकॉर्डियन दुरुस्त करून आणलाय. स्टेइनुन म्हणाली, तुझा अकॉर्डियन दुरुस्त होण्यापलीकडे गेलाय हे सगळ्या खाडीला माहीत आहे. तो म्हणाला, तू लहानपणापासून अशीच, दुसऱ्याच्या ताटातलं काय खायचं ते तू ठरवणार. ती म्हणाली, कुणीतरी ठरवायला नको का, तू चौथा क्लेनुर खातोयस. अशी त्यांची नेहमीची जुंपली, आणि त्या गडबडीत ओड्नी कोट घालून बाहेर गेल्याचं आईनं एकटीनं पाहिलं.

खिडकीतून तिला दिसलं की ओड्नी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय. तो एविन्दुरनं आल्या आल्याच खरवडला होता. स्वच्छ काचेवर ती कितीतरी वेळ खरवडत राहिली.

"तुम्ही दोघं जरा गप्प बसा," आई म्हणाली. दोघं गप्प बसली. आईनं पुढे काहीच सांगितलं नाही, तेव्हा दोघं गोंधळून पुन्हा भांडू लागली.

*

ह्रेफ्ना, स्टेइनुनची मुलगी, शाळेत शिकवते आणि पंगतीची सगळी सोंगं बसवते. नक्कल करणं तिला इतकं जमतं की गावातले लोक तिच्यासमोर शिंकतानाही विचार करतात. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती व्यायामशाळेच्या जमिनीवर बसून बंदरातल्या तरंगत्या फुग्यांना नाडी लावत होती. ओड्नी आत आली, बाकावर बसली आणि फुग्यांकडे बघत राहिली.

"मावशी, काही हवंय का?"

"हे फुगे कुणासाठी आहेत?"

ह्रेफ्ना घुटमळली. फुगे मुळात ओड्नीसाठीच होते. स्पर्धेत तिनं घातलेल्या त्या पोशाखाचे खांदे एवढे फुगीर होते की तिला दारातून आडवं यावं लागलं होतं, असं म्हणतात. ते सोंग ह्रेफ्नानं पुरं बसवलं होतं, ऑक्टोबरपासून, आणि आईनं एका वाक्यात रद्द केलं. आता ते फुगे ती वेल्डरला लावायच्या विचारात होती, पण त्याला कशाला लावायचे ते सुचत नव्हतं. तिनं हे सगळं सांगून टाकलं.

ओड्नीनं विचारलं, सोंगात काय काय होतं. ह्रेफ्ना म्हणाली, पार्सलची सही होती. ओड्नीनं डोळे मिटले. गाडी होती, ह्रेफ्ना म्हणाली. आणि तो मेंढा होता.

"मेंढा कुणी सांगितला?"

"सगळ्यांनीच."

ओड्नी हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. तिनं खाली बघत, एखाद्या मुलीनं विचारावं तसं विचारलं की लोकांना आपण अजून पाहुणी वाटतो का. चाळीस वर्षं बाहेर काढली हे खरं. पण मधल्या काळात पंगत कशी झाली ते ती दर वर्षी फोनवरून विचारायची, कुणाला काय म्हटलं, कोण चिडलं, कुणाचं कडवं फसलं. परदेशात लोक तिला म्हणायचे, तू किती छान गायलीस. तसं म्हटलं की ती आभार मानून खोलीवर जायची आणि तिला झोप लागायची नाही; चेष्टा करावी इतकं जवळचं तिथं कुणी नव्हतं.

मावशीच्या या आवाजाची नक्कल ह्रेफ्नाला करता आली नसती.

"तू ते सोंग कर," ओड्नी म्हणाली. "तुझ्या आईला सांगू नकोस. ती रागावली तर मी आहे."

"पण मग तुला उत्तर द्यावं लागेल. गाऊन."

"नियम मला माहीत आहे गं," ओड्नी म्हणाली. तिनं एक फुगा उचलला, खांद्यावर धरून बघितला. "हे लहान आहेत. खरे खांदे याच्या दुप्पट होते."

*

आसगेर्दुर आजीला, म्हणजे या तिघांच्या आईला, पंगतीत पुढच्याच टेबलावर जागा होती. तिला कानाच्या यंत्रामुळे सगळं ऐकू यायचं आणि वयामुळे सगळ्याकडे दुर्लक्ष करता यायचं. तिच्यासमोर धुरी दिलेलं मांस, भाजलेलं मुंडकं, आंबवलेला शार्क असं सगळं होतं. ती खात कमी आणि बघत जास्त होती. डावीकडे ओड्नी, निळ्या लोकरीच्या स्वेटरात. तिनं आज काहीच खाल्लं नव्हतं. स्टेइनुन पडद्याजवळ उभी राहून कार्यक्रम सांगत होती. एविन्दुर रंगमंचाच्या कडेला अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला होता आणि कुणाशीच बोलत नव्हता.

आजीला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. गाठीचं नाही, आवाजाचं. ही मुलगी बटाटे सोलताना गुणगुणायची. लहानपणी, मोठेपणी, सुटीत आल्यावरही, बटाटा हातात आला की तोंडातून सूर यायचा. यंदा ती बटाटे गुपचूप सोलत होती. आजीनं विचारलं नाही. साठीला आलेल्या मुलीनं आपल्या पायांनी यावं आणि सांगावं, असं तिचं मत होतं. पण मुलगी येत नव्हती. आणि थोरलीचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं होतं की काहीतरी आत आहे हे कुणालाही कळावं.

वेल्डरची दोन कडवी झाली. त्यानं उठून पोलिश भाषेत असं काही गायलं की कुणालाच कळलं नाही आणि सगळे खूश झाले. ब्रान्दुरची झाली. मग स्टेइनुन कॉफीची सुटी सांगायला पुढे येणार तोच पडदा बाजूला झाला आणि ह्रेफ्ना आली. आडवी होऊन आली, कारण खांद्यांवर एवढाले फुगे होते की ते सरळ मावले नसते.

सभागृहाला क्षणात कळलं. आधी हशा आला आणि मग टाळ्या.

ह्रेफ्नानं पार्सल घेतलं. टपाल कार्यालयाच्या खिडकीतली मुलगी म्हणते, इथं सही कर, आणि ही लिहिते, 'माझ्या लाडक्या चाहतीस, प्रेमपूर्वक', आणि खाली बदाम काढते. मग ही गाडी घेऊन सुरेख देखावा दिसेल अशी जागा शोधते, बोटी उतरवायच्या उतारावर लावते, आणि भरती मागच्या सीटवर येऊन बसेपर्यंत सूर्यास्त बघत राहते. मग डोंगरावरून उतरवलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या कुंपणात घालायचा दिवस. ही शिंगं धरून मेंढ्याला कुंपणात नेते असं तिला वाटतं, पण मेंढाच तिला नेत असतो, आणि शेवटी भावाच्या कुंपणात मेंढ्याऐवजी हीच सापडते. मेंढ्याचं काम कोण करतंय हे बघायला लोक माना उंच करत होते. तो एविन्दुर होता. स्टेइनुनला न विचारता ह्रेफ्नानं त्यालाही फितवलं होतं.

आजीनं ओड्नीकडे पाहिलं. ती रडत होती की हसत होती ते नीट कळत नव्हतं, पण पाठ ताठ होती. मग तिनं स्टेइनुनकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. कॉफी, ती ओरडली, आता कॉफी, पण तिचं कोण ऐकतंय. लोक टेबलं वाजवत होते. उत्तर, उत्तर.

ओड्नी उठली आणि रंगमंचापाशी गेली. एविन्दुरनं मेंढ्याची शिंगं काढून अकॉर्डियन उचलला आणि जुन्या पट्टीत सुरुवात केली. तिनं त्याच्या भात्यावर हात ठेवला.

"खाली घे."

त्यानं खाली घेतलं. अजून खाली, ती म्हणाली. त्यानं अजून खाली घेतलं.

"अजून."

"याच्याखाली समुद्रच आहे," एविन्दुर म्हणाला. लोक हसले. पण त्यानं घेतलं.

ती गायली. आवाज खरखरीत होता, जाडसर, पण सुरात.

"शेवटून दुसरी आले मी, तरी सारे बंदरावर आलात,
भरतीत गाडी बुडली माझी, तेव्हा मात्र घरीच राहिलात."

टेबलं पुन्हा वाजली. ब्रान्दुरनं कबुली म्हणून ग्लास वर केला. इथं तिला थांबता आलं असतं. नियम पूर्ण झाला होता. पण मागून कुणीतरी 'निळा कोट' म्हणालं, मग सगळेच म्हणाले, आणि ती थांबली नाही. निळा कोट घालून ये, तिनं सुरू केलं. पहिला 'ये' आला. दुसरा आला. तिसऱ्याला तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

एविन्दुरची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली.

"वरच्या पायऱ्या उन्हाळ्यात काढल्या," ओड्नी म्हणाली. "घशात गाठ होती. साधी होती, आता नाही. डॉक्टर म्हणाले, घर ठेवायचं तर जिना सोडावा लागेल. मी घर ठेवलं."

गाठ हा शब्द आजीनं पहिल्यांदा ऐकला. तिनं टेबलाची कड धरली. म्हणजे ही पोर तिकडे एकटी पडून होती, आणि मी इथं मुरंबा भरत होते. मग तिनं स्टेइनुनकडे बघितलं आणि तिला कळलं की पोर एकटी नव्हती. राग आणि बरं वाटणं ही दोन्ही एकदम आली, आणि कुणाला आधी जागा द्यावी ते आजीला ठरवता येईना.

शेवटी ब्रान्दुर उठला, एका हातानं टेबल धरून.

"म्हणजे आता गेलीस तर शेवटून पहिली येशील," तो म्हणाला.

कुणीतरी श्वास आत घेतला. ओड्नीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला असं हसू फुटलं की तिला रंगमंचाच्या कडेवर बसावं लागलं. तेव्हा लोकही हसले. ब्रान्दुर तसाच उभा राहून म्हणाला की वरच्या दोन पायऱ्या आम्ही चढतो, तू बस. आणि त्यानं एविन्दुरला खूण केली.

चढले ते. सगळा गाव चढला. वेल्डर चढला, पाद्रीणबाई चढल्या, शेजारच्या खाडीची मंडळी चढली. कुणी एका पायरीवर, कुणी दुसऱ्या, कुणी जिन्याच्या कठड्यावरून थेट खाली. असा भयंकर आवाज त्या सभागृहात पूर्वी झाला नव्हता, आणि आजीनं कानातलं यंत्र बंद केलं. बंद यंत्रात तिला फक्त दिसत होतं: मुलगी कडेवर बसलेली, पाय हलवत, दोन्ही हातांनी लोकांना वर, अजून वर, असं सांगत.

गडबड ओसरल्यावर स्टेइनुन कॉफीची किटली घेऊन आजीच्या टेबलापाशी आली. आजीनं यंत्र पुन्हा लावलं.

"तुला माहीत होतं."

"हो, आई."

आजीनं कप पुढे केला. "उद्या दोघींनी माझ्याकडे यायचं. एकेक करून या. दोघींना एकदम रागावायचं आता माझं वय नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह धुवायचं काम कमिटीकडे होतं. पण कमिटी अजून अंथरुणात होती. स्टेइनुन एकटीच टेबलं पुसत होती. ओड्नी आईची बोलणी खाऊन आली, बाह्या वर सारल्या आणि मोरीपाशी उभी राहिली. आई कशी होती, स्टेइनुननं विचारलं. ओड्नी म्हणाली, छान रागावली, मग रडली, मग बटाटे सोलायला दिले. तुझी पाळी संध्याकाळी आहे.

ओड्नीनं पहिलं ताट पाण्यात बुडवलं.

"मला न सांगता माझ्याच पोरीला फितवलंस," स्टेइनुन म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता, पण त्यात जोर नव्हता. "रात्रभर माझा डोळा लागला नाही. मी तुला वाचवत होते ना."

"ते मला काल कळलं. त्याआधी मला वाटत होतं की तुला मी इथं नको आहे."

स्टेइनुनचा पुसता हात थांबला. तिनं असं काही कधी मनातही आणलं नव्हतं, आणि रोज समोर बसून कॉफी पिणारी बहीण हे मनात घेऊन बसली होती. विचारायचं तरी, ती म्हणाली. ओड्नी म्हणाली, या घरात कोण कुणाला विचारतं. हे खरंच होतं, म्हणून दोघी पुन्हा कामाला लागल्या.

पाणी गरम होतं. ओड्नी ताट घासता घासता काहीतरी गुणगुणायला लागली. 'निळा कोट' नव्हतं ते. कारखान्यात असताना दोघी म्हणायच्या ते, मासे भरताना, एक वरून आणि एक खालून. तेव्हा स्टेइनुन खालून म्हणायची. आताही तिनं सवयीनं खालचा सूर धरला आणि तिथं आधीच कुणीतरी होतं. दोघींची टक्कर झाली. स्टेइनुन थांबली.

"तू खाली आलीयस."

"हो," ओड्नी म्हणाली. "आता मी इथंच राहणार. तू वर जा."

मला वरचा सूर लागत नाही, स्टेइनुन म्हणाली, कधीच लागला नाही, माहीत आहे तुला. ओड्नीनं ओलं ताट तिच्या हातात दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्टेइनुन ते ताट कोरडं करत उभी राहिली, एक ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या ओळीला, दारं बंद आहेत ना ते आधी बघून घेऊन, ती वर गेली.